डिमेन्शियाच्या रुग्णाला घरी सांभाळणाऱ्यांचे प्रश्न: नागपूरकरांसाठी

हे प्रश्न नागपुरातल्या आणि आसपासच्या घरांतून पुन्हा पुन्हा येतात. विचारणाऱ्यांमध्ये सुना, मुली आणि बायका जास्त असतात. मुलगे आणि नवरेही असतात. आजाराची माहिती इथे लागेल तेवढीच आहे. भर आहे तो सांभाळणाऱ्याची झोप, पाठ, वेळ आणि मन यांवर. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विसरतात तर सगळेच म्हातारे. मग हा डिमेन्शियाच, हे कशावरून?

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वयाचं. चष्मा हातात असून त्याचं काय करायचं ते न कळणं, चाळीस वर्षं केलेल्या वरणात आधी डाळ की आधी फोडणी हे न सुचणं, पायाखालच्या बर्डीत रस्ता चुकणं, हे वेगळं. रोजचे व्यवहार अडू लागले की दाखवायचं. "म्हातारचळ आहे" म्हणून सोडून देऊ नका, कारण असंच चित्र उभं करणारी काही कारणं बरी होण्यासारखी असतात: बी-१२ ची कमतरता (शाकाहारी घरांत हिचा विचार आधी), थायरॉइड कमी असणं, नैराश्य, पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साठलेलं रक्त, काही औषधं. म्हणून सुरुवातीला रक्ततपासण्या आणि मेंदूचा सीटी किंवा एमआरआय सांगतात. बदल काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत झाला असेल तर थेट प्रश्न ८ वाचा.

साठीपुढच्या भारतीयांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारच्या गल्लीतही असं एखादं घर असू शकतं. ते फक्त बोलत नाहीत.

२. नागपुरात दाखवायचं कुठे, आणि जाताना काय न्यायचं?

मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ, दोघांपैकी कुणापासूनही सुरुवात करता येते. सरकारी सोय मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), त्याला जोडलेलं सुपर स्पेशालिटी, मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधलं एम्स इथे आहे. कोणत्या वारी कोणती ओपीडी असते ते निघण्याआधी विचारून घ्या, नाहीतर रुग्णाला घेऊन रांगेत घालवलेली सकाळ वाया जाते.

सोबत दोन कागद ठेवा. एकावर चालू असलेली सगळी औषधं, सर्दीच्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे आणि डोळ्यांचे थेंब यांसकट. दुसऱ्यावर गेल्या सहा महिन्यांत काय बदललं ते तारखेनिशी: "जानेवारी: गॅस चालू राहिला. मार्च: नातवाचं नाव चुकलं." रुग्णासमोर हे मोठ्याने सांगू नका, त्यांना अपमान कळतो, शब्द नसले तरी. कागद डॉक्टरांच्या हातात द्या. आणि शेवटी एक प्रश्न स्वतःसाठी विचारा: "मी रात्री झोपत नाही, त्याचं काय करू?" तुम्ही बोलला नाहीत तर बहुतेक वेळा तो विषय निघतच नाही.

३. आई एकच प्रश्न दिवसातून पन्नासदा विचारते. डोकं फिरून जातं.

तिच्यासाठी प्रत्येक वेळ पहिलीच असते. "आत्ताच तर सांगितलं ना" या वाक्याने तिला आठवत तर नाहीच, आपण काहीतरी चुकलो एवढंच उरतं, आणि त्या अस्वस्थतेतून प्रश्न पुन्हा येतो. उत्तर छोटं, त्याच शब्दांत द्या आणि लगेच हाताला काम द्या: सांभार (कोथिंबीर) निवडणं, तुरीच्या शेंगा सोलणं, वाती वळणं, धुतलेले रुमाल घडी करणं. काम नीट होणं महत्त्वाचं नाही. निवडलेला सांभार तुम्ही मागून पुन्हा निवडला तरी चालेल, फक्त तिच्यासमोर नको. "डॉक्टरकडे कधी जायचं?" असा प्रश्न असेल तर पाटीवर ठळक अक्षरांत लिहा आणि पाटीकडे बोट दाखवा. आधीपासून सांगूच नका, हा आणखी सोपा उपाय: गुरुवारची भेट गुरुवारी सकाळी सांगायची.

आणि आवाज चढतोय असं जाणवलं की रुग्णाला सुरक्षित बसवून पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. त्या पाच मिनिटांत आईचं काही बिघडत नाही.

४. दिवे लागणीच्या वेळी सासूबाई म्हणतात, "मले माया घरी जायचं हाय." हेच तर घर आहे!

संध्याकाळी थकवा, कमी होणारा उजेड आणि लांबलेल्या सावल्या मिळून गोंधळ वाढतो. "घर" म्हणजे पत्ता नसतो. जिथे सगळं ओळखीचं होतं ती जागा असते, बहुधा माहेर. वाद घालू नका. अंधार पडायच्या अर्धा तास आधी खोलीतले दिवे लावा, पडदे ओढा, टीव्हीवरच्या बातम्या बंद करा. भूक, लघवी, गुडघेदुखी यांतलं काही आहे का ते बघा, पुष्कळदा असतं. मग घराबद्दलच विचारा: "तुमच्या घरी विहीर होती ना? पाणी कोण भरायचं?" तरीही उठल्याच तर चप्पल घालून अंगणात किंवा गल्लीत एक फेरी मारा आणि "आलं बघा घर" म्हणत परत या. तिन्हीसांजेला पाहुणे बोलावू नका. ही वेळ रिकामी ठेवली तर निम्मा त्रास टळतो.

५. बाबा विचारतात, "तुझी आई कुठे गेली?" आई जाऊन सहा वर्षं झाली. खरं सांगायचं का?

एकदा, सौम्यपणे, सांगून बघा. त्यांना तो धक्का नव्याने बसत असेल आणि थोड्या वेळाने विसरून ते पुन्हा विचारत असतील, तर दर वेळी नवं मरण त्यांच्यावर लादू नका. "तुम्हाला तिची आठवण येतेय का?" असं म्हणून आईचा फोटो काढा, तिच्या हातच्या गोळाभाताबद्दल बोला. हे खोटं नाही, आणि यात पाप तर नाहीच. मोठी रचलेली कहाणी मात्र टाळा ("आई अकोल्याला गेलीय, उद्या येईल"), कारण मग ते दारात वाट बघत बसतात.

६. मी सून आहे. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की मी त्यांचं सोनं चोरलं. कसं सहन करायचं?

हा प्रश्न आमच्याकडे सर्वांत जास्त रडत विचारला जातो. वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही, मग मेंदू ती पोकळी भरतो: कुणीतरी नेली. संशय त्याच्यावरच येतो जो सतत समोर असतो. म्हणजे जी सर्वांत जास्त करते तीच चोर ठरते, आणि महिन्यातून एकदा येणारी लेक गुणाची.

खरे दागिने दोन नातेवाइकांच्या समक्ष लॉकरमध्ये ठेवा, यादी आणि फोटो करून दोघांकडे द्या. सासूबाईंच्या हाताशी त्यांच्याच जुन्या डब्यात बेन्टेक्सची पाटली, मण्यांची पोत, दहा-दहाच्या नोटा ठेवा. लपवायच्या जागा ठरलेल्या असतात: तांदळाचा डबा, गादीची खालची शिवण, उशीचा अभ्रा, देवघरामागे, ब्लाउजच्या घडीत. वस्तू सापडली तरी तुम्ही काढून देऊ नका, नाहीतर "बघ, हिच्याकडेच होती" होतं. सोबत शोधा आणि ती त्यांच्याच हाती लागू द्या. कचऱ्याची बादली रिकामी करण्याआधी रोज एकदा चाळा. कवळी आणि कानातलं मशीन तिथेच सापडतं.

उरलेला अर्धा भाग नवऱ्याचा आहे. नणंदेसमोर, मामांसमोर, शेजाऱ्यांसमोर त्याने स्वतः सांगायचं: "आईला आजार आहे, त्यात असे आरोप होतात, हिने काहीही घेतलेलं नाही." हे वाक्य सुनेने सांगितलं तर सफाई ठरते, मुलाने सांगितलं तर गोष्ट संपते. तो गप्प बसत असेल तर डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत त्याला सोबत न्या आणि हे त्यांच्या तोंडून ऐकू द्या.

७. आंघोळीला नाहीच म्हणतात. दोन-दोन तास भांडण चालतं.

रोज आंघोळ झालीच पाहिजे हा हट्ट आधी सोडा. आठवड्यातून दोन-तीन पूर्ण आंघोळी आणि बाकी दिवशी ओल्या कापडाने चेहरा, काखा, जांघा आणि पाय पुसणं पुरेसं आहे.

भीती कशाची असते ते बघा: डोक्यावरून कोसळणारं पाणी, निसरडी फरशी, थंडी आणि कपडे काढण्याची लाज. न्हाणीघरात पाठीला टेका असलेली प्लास्टिकची खुर्ची आणि खाली रबरी चटई ठेवा. पाणी आधीच काढा. नळाचा आवाज अनेकांना सहन होत नाही. टॉवेल खांद्यावर राहू द्या आणि त्याच्या आतूनच साबण लावा. पहिला मग पायांवर, मग गुडघ्यांवर, मग हातांवर. डोकं शेवटी, किंवा वेगळ्या दिवशी. एक ओला रुमाल त्यांच्या हातात द्या. हात गुंतलेला असला की मारायला उठत नाही. "चला आंघोळीला" ऐवजी "पाणी तापलंय, पाय शेकून घ्या" म्हणून बघा. मुलाला आईची आंघोळ घालावी लागत असेल तर पुढून बंद होणारा सुती गाऊन अंगावर ठेवूनच पाणी घाला आणि तो ओलाच बदला. दोघांचाही संकोच कमी होतो.

उचलताना तुमची पाठ: कमरेत वाकू नका, गुडघ्यात वाका, रुग्णाला अंगाजवळ घ्या आणि काखेत हात घालून कधीही ओढू नका. त्याने त्यांचा खांदा निखळतो आणि तुमचा मणका दुखावतो.

८. कालपर्यंत ठीक होते, आज अचानक बरळतायत, ओळखत नाहीत. आजार एकदम वाढला का?

डिमेन्शिया असा एका रात्रीत वाढत नाही. तासाभरात किंवा दिवसा-दोन दिवसांत आलेला गोंधळ, मध्येच गुंगी, मध्येच खळबळ, हे दुसऱ्या आजाराचं लक्षण असतं: लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, न्यूमोनिया, चार दिवसांचं बद्धकोष्ठ, पडून झालेला मार, नवी गोळी. वयस्कांना संसर्गात ताप येईलच असं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, उठवूनही न उठणं असेल तर १०८ ला फोन. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: "हे यांचं नेहमीचं नाही, कालपासून आहे." नाहीतर "डिमेन्शिया आहेच" म्हणून मूळ कारण बाजूला राहू शकतं.

९. रात्री तीनला उठून कपाटं उघडतात. मी महिनोन्‌महिने सलग झोपले नाही.

बाकी सगळं एकवेळ थांबेल, तुमच्या झोपेची सोय लांबवू नका. झोपेवाचून राहिलेल्या माणसाचा संयम, रक्तदाब आणि साखर, तिन्ही बिघडतात, आणि मग प्रश्न १३ मधलं घडतं.

रुग्णाच्या बाजूने: सकाळी निदान अर्धा तास उजेडात चालणं किंवा ओसरीवर बसणं. दुपारची झोप अर्धा-पाऊण तास, तीनच्या आत संपलेली. चहा चारनंतर बंद. पाणी दिवसा भरपूर, संध्याकाळी सातनंतर घोट-घोट. लघवीची गोळी संध्याकाळी असेल तर सकाळी करता येईल का ते विचारा. डोनेपेझिल (डिमेन्शियासाठी देतात ती स्मरणशक्तीची गोळी) रात्री घेऊन भयंकर स्वप्नं पडत असतील तर तीही डॉक्टरांना विचारून सकाळी घेता येते. पलंगापासून संडासापर्यंत मंद दिवा, पलंग बुटका, शेजारी कमोडची खुर्ची. मेडिकल स्टोअरमधून स्वतःच झोपेची गोळी आणू नका; अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी गोंधळ आणि पडण्याचा धोका वाढतो, आणि मोडलेलं खुब्याचं हाड सगळ्या घराला अंथरुणाला खिळवतं.

तुमच्या बाजूने: रात्र दोघांत वाटा. दहा ते तीन एक, तीन ते आठ दुसरा. लोक इथे एक चूक करतात: "सुट्टी" असलेला माणूसही त्याच खोलीत झोपतो. कान जागा राहतो आणि प्रत्येक खोकल्याला डोळे उघडतात. सुट्टी म्हणजे दुसरी खोली, दार बंद, कानात बोळे. रुग्णाच्या दाराला घुंगरू किंवा दार उघडताच वाजणारी बिनतारी घंटी लावा. घंटी पाळीवाल्याच्या उशाशी. घरात दुसरं कुणी नसेल तर आठवड्यातल्या दोन रात्रींसाठी माणूस ठेवा. दिवसाच्या बाईपेक्षा आधी रात्रीची. पैसे दोन्हींपैकी एकालाच पुरत असतील तर आमचं मत हेच आहे.

१०. उन्हाळ्यात नागपूरच्या घरात काय वेगळं सांभाळायचं?

पुष्कळ. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि या रुग्णांना तहान कळत नाही. कुणी भर दुपारी स्वेटर चढवतं, कुणी "वारा लागतो" म्हणत कूलर बंद करतं.

पाणी "प्या" म्हणून सांगून होत नाही. सकाळी सात ते संध्याकाळी सात, दर तासाला सव्वाशे मिलिलिटरचा एक पेला. दिवसाचे दीड लिटर होतात. पेला हातात द्या आणि समोर बसून तुम्हीही प्या, बघून पितात. ताक, पन्हं, आंबील, टरबूज, सगळं हिशेबात धरा. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती पाणी चालेल ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि रक्तदाबाच्या व लघवीच्या गोळ्यांचं उन्हाळ्यात काय करायचं तेही विचारा. संत्र्याची फोड देताना बी आणि वरची पातळ साल काढा; घशात अडकते.

कूलरकडे खास लक्ष. पत्र्याची ओली बॉडी, टाकीतलं पाणी आणि चालू पंप: शॉक लागून दर उन्हाळ्यात विदर्भात माणसं दगावतात, आणि रुग्णाला "हात लावू नका" लक्षात राहत नाही. अर्थिंग तपासून घ्या, त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, प्लग काढल्याशिवाय पाणी भरू नका, आणि कूलर शक्यतो खिडकीच्या बाहेरच्या बाजूला ठेवा. कूलरच्या वाऱ्याने हलणारा पडदा आणि त्याची सावली म्हणजे "माणूस उभा आहे" असं रुग्णाला वाटतं. पडद्याला खाली चिमटे लावा.

अंग तापलेलं, गुंगी, बडबड असेल तर उष्माघात समजा: १०८ ला फोन, कपडे सैल, ओल्या कापडाने अंग पुसत पंखा. गुंगीत असलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

११. दार उघडं दिसलं की बाबा निघून जातात.

पाय जुन्या सवयीने चालतात. एम्प्रेस मिल बंद होऊन किती वर्षं झाली, पण तिथे आयुष्य काढलेला माणूस पाळीच्या वेळी डबा मागून निघतो. बाहेर पडण्याची वेळ टिपून ठेवा आणि त्याच वेळी तुम्हीच फिरायला न्या.

कडी दाराच्या अगदी वर किंवा अगदी खाली बसवा. नजरेच्या उंचीवर नसली की सुचत नाही. एकट्याला आत कोंडून मात्र कधीही जाऊ नका. आग लागली तर बाहेर पडता येत नाही. सदऱ्याच्या आतून फोन नंबर शिवा, हातात नंबर कोरलेलं स्टीलचं कडं. रोज सकाळी कपडे घातल्यावर मोबाइलवर एक फोटो: पोलीस विचारतात तो पहिला प्रश्न "अंगावर काय होतं?" हाच असतो. सिमकार्डवर चालणारं जीपीएस उपकरण घेतलं तर चार्जिंगची वेळ ठरवा. बंद पडलेलं उपकरण फुकट.

हरवले तर पहिली पंधरा मिनिटं घर, गच्ची, जिन्याखाली, शेजारी. फुटाळा, अंबाझरी, गांधीसागर यांपैकी तलाव किंवा विहीर जवळ असेल तर एक माणूस आधी तिकडे. मग लगेच ११२ आणि जवळचं पोलीस ठाणे. चोवीस तास थांबावं लागतं, हा गैरसमज आहे. बाकीच्यांनी जुनं घर, जुनं ऑफिस, नेहमीचं मंदिर, गणेशपेठचा एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशन वाटून घ्यावं. रेल्वेचा मदत क्रमांक १३९. सापडल्यावर रागावू नका. पाणी द्या, तळपाय बघा.

१२. "शांत राहण्याची" गोळी सुरू करावी का?

आधी कारण शोधा: दुखणं, बद्धकोष्ठ, भूक, गोंगाट. रिस्पेरिडोन, क्वेटियापिन यांसारख्या गोळ्यांनी डिमेन्शियाच्या वयस्क रुग्णांत पक्षाघात आणि मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा २००५ पासून दिला जातो. मारहाण किंवा तीव्र भास असतील तर त्या लागतात; तेव्हा सर्वांत कमी डोस आणि दर काही आठवड्यांनी "आता कमी करू का?" हा प्रश्न. लेवी बॉडी प्रकारात (दिवसागणिक चढउतार, माणसं-प्राणी दिसणं, अंग ताठणं) यांतली बरीच औषधं, विशेषतः हॅलोपेरिडॉल, फार घातक ठरू शकतात. प्रत्येक नव्या डॉक्टरला हे आधी सांगा. सर्दीच्या साध्या गोळ्यांतल्या क्लोरफेनिरामिननेही गोंधळ वाढतो.

१३. काल माझा हात उठला. मी इतकी वाईट आहे का?

नाही. पण हे पुन्हा घडू द्यायचं नाही, आणि त्यासाठी "मी शांत राहीन" हा निश्चय पुरत नाही. त्या दिवशी तुम्ही किती तास झोपला होतात, सलग किती वेळ एकट्या होतात, कोणत्या कामाच्या वेळी घडलं, ते लिहा. बहुधा आंघोळ, डायपर किंवा जेवण, आणि मागे तुटलेली रात्र. ते एक काम आठवडाभर दुसऱ्या कुणाकडे द्या. घरात एकाला खरं सांगा. हात उगारणं वारंवार होत असेल तर ही मदत मागण्याची वेळ आहे: १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक चोवीस तास चालतो. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७.

१४. मला नैराश्य आलंय की नुसता थकवा आहे, कसं ओळखायचं?

एक दिवस पूर्ण विश्रांती मिळाल्यावर हलकं वाटतं का? वाटलं तर थकवा. विश्रांतीनेही फरक नसेल, दोन आठवडे बहुतेक दिवस उदास वाटत असेल किंवा कशातच रस उरला नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. स्वतःसाठी, वेगळा केसपेपर काढून. सांभाळणाऱ्यावरचा भार मोजायची झारिट नावाची २२ प्रश्नांची प्रश्नावली आहे, गुण ० ते ८८. तज्ज्ञांकडे ती भरून मागा आणि सहा महिन्यांनी पुन्हा भरा. "दोघांनीही संपून जावं" असा विचार मनात डोकावला तर त्याच दिवशी १४४१६. सहा महिन्यांतून एकदा तुमचा रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. रुग्णाचं रक्त घ्यायला घरी माणूस येतो तेव्हाच तुमचंही द्या.

१५. भाऊ पुण्याला, बहीण अमेरिकेत. फोनवर सल्ले देतात, करत काही नाहीत.

"काहीतरी मदत करा" याला "हो" मिळतो आणि काही होत नाही. नेमकं मागा: "रात्रीच्या बाईचे पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला तू टाक." "दिवाळीनंतरचे दहा दिवस तू इथे राहा, मी बाहेर जाते." "डॉक्टरांच्या भेटी आणि विम्याचे कागद तुझ्याकडे." खर्चाची वही फोटो काढून दर महिन्याला कुटुंबाच्या ग्रुपवर टाका. दोन दिवसांसाठी आलेल्यांसमोर रुग्ण पुष्कळदा बरा वागतो, आणि मग "तू उगाच वाढवून सांगतेस" ऐकावं लागतं. त्यांना एक रात्र एकट्याने सांभाळू द्या.

गोव्यात झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी घरी येऊन माहिती आणि आधार दिला, तेवढ्यानेही सांभाळणाऱ्यांची मनःस्थिती सुधारली होती. मोठी सोय नसली तरी एक जाणता माणूस नियमित घरी येणं कामाचं ठरतं.

१६. ब्युरोची बाई टिकत नाही. तीन महिन्यांत चार झाल्या.

पहिल्या दिवशी रुग्ण सोपवून निघून जाऊ नका. चार-पाच दिवस दोघी सोबत करा. भिंतीवर एक पान लावा: कोणत्या नावाने हाक मारायची, काय आवडतं, कशाने चिडतात, औषधांच्या वेळा, गिळताना काय जपायचं (ताठ बसवणं, हनुवटी किंचित खाली, जेवणानंतर अर्धा तास आडवं न करणं). अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल तर दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद. पोलीस पडताळणी, आधारची प्रत, ठरलेली साप्ताहिक सुट्टी. बाराच्या बारा तास तिला एकटीला ठेवू नका. जेवणाची अर्ध्या तासाची मोकळीक खरंच द्या. तीही सांभाळणारीच आहे, आणि तुम्हाला जे तोडतं तेच तिला पळवतं. प्रश्न ६ मधले आरोप तिच्यावरही होतील, हे आधीच सांगून ठेवा.

१७. पेन्शन, बँक, सही यांचं काय करायचं?

निदान लवकर झालं असेल आणि समज शाबूत असेल तोवर कामं उरका: संयुक्त खातं, नॉमिनी, डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह मृत्युपत्र. मुखत्यारपत्रावर विसंबू नका. देणाऱ्याची समज गेली की कायद्याने ते संपतं. मुलाला आईवडिलांचं कायदेशीर पालकत्व आपोआप मिळत नाही. समज गेल्यावर मालमत्तेचे मोठे व्यवहार असतील तर उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्यासाठी नागपूर खंडपीठात, पालक नेमण्यासाठी अर्ज करावा लागतो, वकील गाठा.

हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये, ८० च्या पुढच्यांना ऑक्टोबरपासून. मोबाइलवर चेहऱ्याने दाखला काढताना डोळे मिचकावायला सांगतात आणि रुग्ण नेमके तेच करत नाही; समोर बसून तुम्ही मिचकावा, बघून करतात. जमलं नाही तर बँकेची किंवा पोस्टमनची घरपोच सेवा मागा. जुन्या कररचनेत ८०डीडीबी नावाने ओळखली जाणारी सूट डिमेन्शियाला लागू होते, अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचं प्रमाणित झालं असेल तर. ज्येष्ठ नागरिकाच्या उपचारांसाठी मर्यादा १ लाख रुपये. ७० वर्षांवरच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर ५ लाखांपर्यंत विमा आहे, पण तो भरती झाल्यावर. घरची बाई आणि डायपर त्यात बसत नाहीत.

१८. मारबत, गणपती, घरचं लग्न: न्यायचं की नाही?

काळी-पिवळी मारबत (मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक) निघते त्या दिवशी महाल-इतवारीतल्या घरांत रुग्णाला मागच्या खोलीत, ओळखीच्या गाण्यांसोबत ठेवा; ढोल आणि आरोळ्या त्यांना दंगल वाटतात. लग्नात पूर्ण दिवस नको. सकाळच्या शांत वेळी एक तास, सोबत त्यांच्याचकडे लक्ष देणारा एक माणूस, आणि परतीची गाडी तयार. घरी त्यांच्याजवळ कुणी राहिलं आणि तुम्ही लग्नात नाचलात, तर त्यात चूक काही नाही.

१९. केंद्रात ठेवणं म्हणजे आईला टाकणं का?

तुमची तब्येत ढासळली असेल, रुग्ण उचलणं एकट्याच्या बसचं नसेल, किंवा मारहाण आवरत नसेल, तर घरापेक्षा केंद्र जास्त सुरक्षित. बघायला न सांगता, जेवणाच्या वेळी जा. रात्री किती रुग्णांमागे किती माणसं, बांधून ठेवतात का, लघवीचा वास येतो का, भेटीच्या वेळांवर बंधन आहे का, ते पाहा. आधी पंधरा दिवस तात्पुरतं ठेवून बघता येतं. आणि पहिल्याच आठवड्यात त्या "घरी ने" म्हणाल्या म्हणून निर्णय मोडू नका. घरीही त्या हेच म्हणत होत्या (प्रश्न ४).

२०. हा आजार मलाही होईल का?

साठी-पासष्टीनंतर सुरू होणाऱ्या प्रकारात आईवडिलांना असेल तर धोका काहीसा वाढतो, ठरत नाही. थेट वारशाने येणारे प्रकार विरळ असतात आणि बहुधा पासष्टीच्या आत, कधी चाळिशी-पन्नाशीत सुरू होतात. घरात असे दोन-तीन असतील तर तज्ज्ञांना विचारा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात बदलता येण्यासारखी १४ कारणं आहेत, त्यांत रक्तदाब, मधुमेह, ऐकू कमी येणं, नजर कमी होणं आणि एकटेपणा येतात. सांभाळता सांभाळता ज्या गोष्टी सुटतात, त्याच या.

२१. कधी कधी वाटतं, आता सुटावी. आणि गेल्यावर काय करायचं, तेही कळत नाही.

असं वाटणं म्हणजे मरण चिंतणं नाही. ज्यांचं बोलणं, ओळखणं थोडं थोडं करून गेलं, त्यांचं दुःख तुम्ही आधीपासूनच करत आहात. गेल्यानंतर आधी मोकळं वाटणं आणि त्याची लाज वाटणं, दोन्ही होतं. काही महिने रात्री तीनला डोळे उघडतील. शरीर पाळी विसरत नाही. दुपारचे रिकामे तास सर्वांत जड जातात, म्हणून पहिल्या महिन्यात त्या वेळी कुणाला तरी रोज येऊ द्या. स्वतःच्या राहून गेलेल्या तपासण्या याच काळात करा. प्रश्न १४ मधली लक्षणं दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर थांबू नका.

खोली आवरायची घाई नको. उरलेल्या गोळ्या आणि पट्ट्या मात्र घरात ठेवू नका, आणि दुसऱ्या कुणाच्या रुग्णाला देऊही नका. डायपरची न उघडलेली पाकिटं, कमोडची खुर्ची, वॉकर आणि हवेची गादी दुसऱ्या घराला उपयोगी पडते. गादी देताना पंपाची नळी कशी जोडायची ते एकदा लावून दाखवा.